आधी खड्डा, मग कागद

शौचालयाचं अनुदान लोकांच्या खात्यात पडेपर्यंत त्यांच्यासोबत राहणं हे माझं पोटापाण्याचं काम होतं. रत्नागिरी जिल्ह्यातल्या एका डोंगराळ तालुक्यात, पंचायत समितीच्या गट संसाधन केंद्रात, मी कंत्राटी समूह समन्वयक होते. वाडी-वाडीला जायचं, कुणाकडे संडास नाही ते बघायचं, अर्ज भरून घ्यायचे, बांधकामावर लक्ष ठेवायचं, फोटो काढायचे आणि पैशांचा पाठपुरावा करायचा. त्याआधी बचत गटांची सहयोगिनी होते, त्यामुळे बायका मला ओळखत होत्या. आता ते काम सुटलं, तरी माणसं घरी येतात. पिशवीतून रेशनकार्ड, पासबुक, आधारची झेरॉक्स काढतात आणि ओटीवर मांडतात. मी आधी कागद बघत नाही. मी विचारते, "खड्डा कुठे घेणार? विहीर किती लांब आहे? टाकी बांधायची म्हणता की दोन खड्डे?" काहींना हे विचित्र वाटतं. आले पैशांसाठी आणि ही बाई खड्ड्याचं विचारते. पण एवढ्या वर्षांत मला जर काही नक्की कळलं असेल तर ते हेच, की अनुदान पुरणार की बुडवणार हे जमिनीखाली काय बांधणार त्यावर ठरतं. ते ठरल्याशिवाय अर्जाला हात लावू नये.

पैशांची गोष्ट आधी सांगते, कारण ती लवकर संपते. मी कामाला लागले तेव्हा संपूर्ण स्वच्छता अभियान चालू होतं. दारिद्र्यरेषेखालच्या घराला तेव्हा २,२०० रुपये मिळायचे. त्यात भांडं, पाइप आणि थोडं सिमेंट यायचं. २०१२ मध्ये निर्मल भारत अभियान आलं. ४,६०० रुपये योजनेतून आणि उरलेले रोजगार हमीतून, अशी जोडणी होती. कागदावर ती चांगली दिसायची. प्रत्यक्षात संडासासारख्या लहान कामाला जॉबकार्ड, तांत्रिक मान्यता, हजेरीपट असं सगळं लागायचं, आणि दोन खात्यांच्या मधे माणूस लटकून राहायचा. २ ऑक्टोबर २०१४ ला स्वच्छ भारत अभियान सुरू झालं आणि रक्कम सरळ १२,००० झाली. तेव्हा ती मोठी वाटली होती. पुढे सिमेंट वाढलं, चिऱ्यांचा भाव वाढला, गवंड्याची मजुरी वाढली. २०२० नंतर दुसरा टप्पा आला, तरी आकडा १२,००० च राहिला. घरकुलाच्या लाभार्थ्याला शौचालयासाठी मिळतात तेही हेच १२,०००, त्यामुळे ज्याचं घरकुल मंजूर झालं त्याला वेगळा अर्ज करता येत नाही. हे आधी न कळल्यामुळे किती तरी माणसं दोन्हीकडे नाव घालायची आणि दोन्ही प्रकरणं अडकायची.

आणि हे पैसे बांधकाम पूर्ण झाल्यावर मिळतात. ज्याच्याकडे बांधायला पैसे नाहीत म्हणून मदत द्यायची, त्यालाच सांगायचं की आधी बांध, मग देतो. या गोष्टीचा मला तेव्हाही त्रास व्हायचा, आजही होतो.

आमच्याकडे खड्डे खणले, चिरे जवळच्या खाणीतले मिळाले आणि घरची माणसं हाताखाली राबली, तर दोन खड्ड्यांचा साधा संडास १२,००० च्या आसपास उरकायचा. गवंडी पूर्ण मजुरीवर, वर पत्रा, आत लादी असं धरलं की पंधरा-अठरा हजार. त्याची तजवीज कशीबशी होते. पण टाकी म्हटली की हिशेबच वेगळा. आणि बहुतेकांना टाकीच हवी असायची.

एका वाडीतलं घर मला कायम आठवतं. म्हातारी आई, मुलगा, सून, दोन पोरं. मुलगा हंगामात आंब्याच्या बागेत कामाला जायचा, बाकी वेळ मिळेल ते काम. यादीत नाव होतं, कागद चोख होते. अडचण यायचं कारणच नव्हतं. त्याने पतसंस्थेतून कर्ज काढलं आणि टाकी खणायला घेतली. दहा फूट लांब, आठ फूट रुंद, जवळजवळ पुरुषभर खोल. जांभा फोडायला माणसं लावली. चारी बाजूंनी पक्कं बांधकाम, वर स्लॅब. स्लॅब पडला तेव्हा पैसे संपले. टाकीच्या वर संडासाची खोली उभीच राहिली नाही. खोली नाही म्हणजे फोटो नाही, फोटो नाही म्हणजे अनुदान नाही. कर्जाचे हप्ते मात्र सुरू झाले. ती म्हातारी पावसाळाभर काठी टेकत, छत्री सावरत त्याच जुन्या वाटेने बाहेर जात राहिली.

मी त्याला विचारलं होतं, "एवढी मोठी टाकी कशाला?" तो म्हणाला, "ताई, लहान घेतली नि भरली, तर उपसनार कोण?"

हा प्रश्न मी त्यानंतर प्रत्येक वाडीत ऐकला. कुणी सरळ विचारायचा, कुणी वेगळ्या शब्दांत. "पोरांची लग्नं होईपर्यंत भरायला नको." "आमच्या हयातीत तरी उघडायची पाळी नको." मैला काढणं हे काम आपलं नाही, ते ठरावीक जातीच्या माणसांनी करायचं, आणि आता तशी माणसं गावात येत नाहीत, म्हणून टाकी इतकी मोठी घ्यायची की तो दिवस येऊच नये. गरीब माणूस कर्जात जातो आहे तो संडासापायी नव्हे, या भीतीपायी जातो आहे, हे मला त्या घरात उमगलं. त्यानंतर मी कामाचा क्रम बदलला. वाडीत बैठक घेतली की आधी फावडं मागवायचे. काठीने जमिनीवर दोन वर्तुळं आखायचे, व्यास तीन फूट, दोघांत तीन-साडेतीन फूट अंतर, आणि सांगायचे की खोली चार फूट पुरते. लोक हसायचे. "ताई, सहा म्हैन्यात भरंल."

मग हिशेब मांडायचा. खड्ड्यात जातं त्यात बहुतेक पाणीच असतं. खड्ड्याच्या चिऱ्यांत जाळी सोडलेली असते, तळ उघडा असतो, पाणी मातीत जिरतं. वायू मातीतच शोषला जातो. मागे उरतो तो गाळ, माणशी वर्षाला साधारण चाळीस-पन्नास लिटर. पाच माणसांच्या घरात तीन फुटी खड्डा तीन-चार वर्षं सहज जातो. भरला की दोन खड्ड्यांकडे वाट फुटते तिथलं चेंबर उघडायचं, पहिल्या खड्ड्याचं तोंड विटेने बंद करायचं आणि दुसऱ्याचं उघडायचं. पहिला खड्डा दीड-दोन वर्षं तसाच झाकून ठेवायचा. तेवढ्या काळात आतल्या मैल्याचं कोरडं, काळपट, वास नसलेलं खत होतं. ते घरच्याच माणसाने फावड्याने काढायचं. गाडी नको, दुसरा माणूस नको.

बायकांना हे पटकन कळायचं. उकिरड्याचं शेणखत कसं मुरतं ते त्यांना ठाऊक असतं, मुरायला किती दिवस लागतात तेही. पुरुषांना पटवायला वेळ लागायचा, आणि पटवायला शब्द पुरायचे नाहीत. २०१७ च्या फेब्रुवारीत केंद्राच्या स्वच्छता विभागाच्या सचिवांनी तेलंगणातल्या गंगादेवीपल्ली गावात स्वतः खड्ड्यात उतरून खत बाहेर काढलं होतं. त्याचे फोटो मी मोबाइलवर दाखवायचे. पण दिल्लीच्या साहेबाने काय केलं यापेक्षा शेजारच्या वाडीतल्या माणसाने काय केलं हे जास्त पटतं. आमच्या भागात निर्मल ग्रामच्या काळात बांधलेले काही दोन खड्ड्यांचे संडास होते. त्यातल्या एका घरी पहिला खड्डा बंद करून दोन वर्षं उलटली होती. तिथल्या घरधनीण बाईंना मी विचारलं, "उघडूया का, सगळ्यांसमोर?" त्या म्हणाल्या, "उघडूया की. माझ्या माडाला पायजेच हाय."

बैठकीला आलेल्या बायका लांब उभ्या राहिल्या, नाकाला पदर लावून. झाकण सरकवलं. वास आला नाही. बाईंनी फावड्याने वरचा थर ओढला, मग हातात घेतलं, चुरगाळलं. ओल्या पालापाचोळ्याच्या मातीसारखं. एकीने पदर खाली घेतला, मग दुसरीने. एक आजी जवळ गेली, चिमूटभर घेऊन पाहिली आणि म्हणाली, "ह्या तर खत हाय गो." त्या दिवसानंतर त्या वाडीत मोठ्या टाकीचा विषय कुणी काढला नाही. माझ्या कामातला सगळ्यात मोठा बदल ज्या दिवशी घडला असं मी म्हणेन, तो दिवस हाच.

यात नवं काही नव्हतं, हे मला नंतर वाचून कळलं. कणकवलीच्या गोपुरी आश्रमात आप्पासाहेब पटवर्धनांनी मैल्याचं खत करणारे संडास कितीतरी आधी करून दाखवले होते, गोपुरी संडास म्हणूनच ते ओळखले जात. १९३२ मध्ये रत्नागिरीच्या तुरुंगात असताना त्यांनी भंगीकाम मागितलं. जातीमुळे ते त्यांना नाकारलं गेलं, म्हणून त्यांनी उपोषण केलं, आणि त्यांच्यासाठी येरवड्याला गांधीजींनीही उपोषण सुरू केलं. आमच्याच मातीत हे घडलं. तरी ऐंशी वर्षांनंतर "उपसनार कोण" हा प्रश्न आमच्याच वाड्यांत माणसाला कर्जात ढकलत होता. आप्पासाहेबांबद्दल शाळेत शिकवतात की नाही मला माहीत नाही. शिकवायला हवं.

टाकीबद्दल आणखी एक सांगायला हवं. नियमाप्रमाणे सेप्टिक टँक ही पाणी न झिरपणारी, आत दोन कप्पे असलेली असते. पाच माणसांना पाच फूट लांब, अडीच फूट रुंद, आत साधारण साडेतीन फूट पाणी एवढी पुरते. तिच्यातून बाहेर पडणारं पाणी घाणच असतं, ते शोषखड्ड्यात सोडायचं असतं. आणि गाळ दोन-तीन वर्षांनी काढावाच लागतो. आमच्याकडे ज्याला टाकी म्हणतात तिला ना कप्पा असतो ना शोषखड्डा. कुणी तळ उघडा ठेवतो म्हणजे भरत नाही, कुणी वरून पाइप काढून गटारात सोडतो. तळ उघडा म्हणजे तोही खड्डाच झाला, फक्त प्रचंड आणि खोल. जितका खोल तितका भूजलाच्या जवळ.

जांभ्याचा गुण हा की तो पाणी पितो. म्हणून आमच्याकडे खड्डे चांगले चालतात. मराठवाड्यातल्या काळ्या मातीत पाणी जिरत नाही, तिथे खड्ड्याभोवती वाळू-खडीचा थर द्यावा लागतो. आमच्याकडे ती कटकट नाही. पण जांभ्याला भेगा असतात, आणि त्या भेगांतून पाणी कुठून कुठे जाईल ते सांगता येत नाही. प्रशिक्षणात विहिरीपासून किमान दहा मीटर अंतर सांगितलं जायचं. मी त्यावर थांबत नसे. एप्रिल-मेमध्ये विहीर तळाला गेलेली असते, तेव्हा खणलेला खड्डा कोरडा दिसतो आणि माणूस निर्धास्त होतो. ऑगस्टमध्ये तीच विहीर काठोकाठ असते आणि त्याच खड्ड्यात खालून पाणी चढतं. म्हणून जागा ठरवताना घरातल्या जुन्या माणसाला विचारायचं, "पागोळ्यांच्या दिवसांत हितं पाणी कुठवर येतं?" हे उत्तर कुठल्याच अर्जात लिहायला जागा नसते, पण सगळ्यात महत्त्वाचं तेच असतं. वर्षातून दोनदा विहिरींची तपासणी होऊन ग्रामपंचायतीला हिरवं, पिवळं किंवा लाल कार्ड मिळतं. एका गावाला लाल कार्ड मिळालं तेव्हा विहिरीच्या वरच्या अंगाला असलेल्या तीन नव्या, तळ नसलेल्या टाक्यांकडे पाहून आरोग्य सेविका आणि मी दोघी गप्प उभ्या राहिलो होतो. त्या तिन्ही घरांना अनुदान मिळालेलं होतं. फोटोत दार छान रंगवलेलं होतं.

फोटोचं हे असं आहे. जिओटॅग करायला लाभार्थ्याला दारासमोर उभं करायचं, भिंतीवर योजनेचं नाव दिसायला हवं. फोटो वाडीत काढायचा आणि पाठवायला सड्यावर चढायचं, कारण खाली रेंज नसायची. जमिनीखाली काय आहे ते त्या फोटोत दिसत नाही. उलट वर दिसणाऱ्या गोष्टींवर प्रकरणं अडायची. एका घराचं प्रकरण "गॅस पाइप दिसत नाही" म्हणून परत आलं. दोन शोषखड्ड्यांच्या संडासाला त्या पाइपची गरजच नसते. मी पुस्तिका घेऊन वर गेले, पान दाखवलं, तरी उत्तर आलं की पाइप लावून नवीन फोटो पाठवा. ते लोक इतके कंटाळले होते की त्यांनी एक पाइप आणून भिंतीला बांधला, कशालाच न जोडता. पैसे आले. मला त्या दिवशी फार वाईट वाटलं. गरीब माणसाने खरं आणि बरोबर काम केलं होतं आणि आम्ही त्याला खोटं दाखवायला लावलं.

कागदांचं आता थोडं सांगते, कारण लोक त्यातच खचतात.

पहिलं यादीचं. २०१२ मध्ये पायाभूत सर्वेक्षण झालं आणि पुढची कित्येक वर्षं त्या यादीवरच सगळं चाललं. तेव्हा एका घरात चार भाऊ राहत होते आणि एक संडास होता, म्हणून "शौचालय आहे" अशी नोंद झाली. पुढे चुली वेगळ्या झाल्या, तीन भाऊ बाहेर पडले, त्यांच्याकडे संडास नाही आणि यादीत नाव नाही. एप्रिल २०१८ मध्ये ग्रामीण महाराष्ट्र हागणदारीमुक्त जाहीर झाला, आणि त्याच वेळी माझ्या वहीत अशा घरांची नावं होती. नंतर पायाभूत यादीतून सुटलेल्यांसाठी एलओबी आणि मग एनओएलबी अशा नावांनी नव्या याद्या झाल्या. त्यांत बरीच घरं बसली. ज्यांनी ग्रामसभेत उभं राहून नाव लिहून घेतलं ती बसली. ज्यांना ग्रामसभा कधी आहे तेच कळलं नाही ती राहिली. त्यात एकट्या बायका जास्त.

दुसरी गैरसमजूत रेशनकार्डाची. पिवळं कार्ड म्हणजे दारिद्र्यरेषा असं सगळे धरून चालायचे. ऑफिसात मात्र यादीतला क्रमांक मागायचे, आणि पिवळं कार्ड असूनही तो क्रमांक नसायचा. अशा वेळी माणूस तोंड पाडून घरी जायचा. पण अनुदान फक्त दारिद्र्यरेषेखालच्यांना नव्हतं. अल्पभूधारक, भूमिहीन, अनुसूचित जाती-जमाती, अपंग व्यक्ती असलेलं घर, बाई कुटुंबप्रमुख असलेलं घर, हे सगळे बसायचे. सातबारा, जातीचा दाखला, यांतलं काहीतरी एक हाताशी असायचंच. नाही म्हटलं की "कुठल्या नियमाने नाही?" एवढंच विचारायचं, हे मी बायकांना शिकवलं. आवाज चढवायचा नाही, पण उत्तर घेतल्याशिवाय उठायचं नाही.

तिसरं, जागेचं. कोकणात हे सगळ्यात अवघड. घर सामाईक, सातबाऱ्यावर पंधरा-वीस नावं, त्यातले निम्मे मुंबईला, काही वारलेले, त्यांच्या वारसांची नोंद झालेली नाही. खड्डा खणायला घेतला की कुणीतरी फोनवरून हरकत घेतो. मग काम बंद. ग्रामपंचायतीचा नमुना ८ चा उतारा घराच्या नावावर असला तरी भाऊबंदांची संमती नसेल तर ग्रामसेवकही हात आखडता घ्यायचे, आणि त्यांचंही चुकत नसे. त्यावर मला एकच उपाय सापडला. गणपतीत सगळे गावी येतात. आरतीला सगळं भावकीचं घर एकत्र जमतं. गौरी-गणपतीआधी मी संमतीपत्रं लिहून तयार ठेवायचे आणि घरातल्या सगळ्यात वयस्कर बाईच्या हाती द्यायचे. पुरुषांनी मागितलं तर जमिनीचा वाद उभा राहतो. म्हातारीने म्हटलं, "माझ्याच्यान आता लांब जावत नाय, सही करा," तर कुणी नाही म्हणत नाही. गणपतीत सह्या, दिवाळीनंतर खणायला सुरुवात, शिमग्यापर्यंत बांधकाम पुरं, असा तो क्रम बसला.

चौथं खात्याचं. बाईचं नाव आधारवर सासरचं, पासबुकावर माहेरचं. पैसे पाठवले की परत जातात आणि परत गेलेले पैसे पुन्हा यायला महिने लागतात. खातं उघडून ठेवलेलं, पण वर्षानुवर्षं व्यवहार नाही म्हणून बंद पडलेलं. मधल्या काळात बँकांची विलीनीकरणं झाली, आयएफएससी बदलले, आणि अर्जावर जुनेच कोड राहिले. मी अर्ज घेण्याआधी बाईला बँकेत पाठवून शंभर रुपये भरायला आणि तेच काढायला सांगायचे. पासबुकावर ती नोंद ताजी छापून आली की खातं जिवंत आहे हे कळतं आणि कोडही कळतो. एवढ्या साध्या गोष्टीने पुढची कितीतरी धावपळ वाचली.

पण आधी बांधायला पैसे आणायचे कुठून, हे राहतंच. इथे बचत गटांनी जे केलं त्याचं मोल मला सांगता येणार नाही. गट आपल्या जमेतून बाईला दहा-बारा हजार द्यायचा, अनुदान आलं की ती परत करायची. हिशेब सरळ होता. अनुदान वेळेत आलं तर. ते कधी तीन महिन्यांनी यायचं, कधी वर्ष उलटायचं. व्याज मात्र दर महिन्याला. काही गटांनी अनुदान येईपर्यंत व्याज घ्यायचं नाही असा ठराव केला. स्वतः मोलमजुरी करणाऱ्या बायकांनी सरकारचा उशीर आपल्या पदरात घेतला, त्याचा कुठल्या अहवालात उल्लेख झाला नाही, म्हणून इथे लिहून ठेवते.

आणि तरीही काही जणी उरायच्या ज्यांना गटही उभा करत नसे. एक विधवा बाई होत्या, मुलगी अपंग, जमीन नाही, कुणाच्या तरी पडवीत राहायच्या. नियमात त्या तीन-तीन कारणांनी बसत होत्या. पण परतफेडीची खात्री नाही म्हणून गट कचरत होता. शेवटी वाडीने ठरवलं की खड्डे आम्ही खणून देतो. शिमग्यानंतरच्या एका सुट्टीच्या दिवशी तरुण मुलांनी दोन्ही खड्डे खणले. चिरे एका घरकुलातून उरलेले मिळाले. गवंड्याने मजुरी अनुदान आल्यावर घेईन म्हटलं आणि शब्द पाळला. सिमेंट, भांडं, पाइप एवढ्याचेच पैसे लागले, ते दुकानदाराने उधारीवर दिले. हे झालं कारण खड्डे लहान होते. सुट्टीच्या एका दिवसात दहा पोरं तीन फुटी दोन खड्डे खणू शकतात, टाकी खणू शकत नाहीत.

ज्यांच्या टाक्या आधीच झालेल्या आहेत त्यांचं काय, हे हल्ली जास्त विचारलं जातं. तालुक्याच्या गावाहून मैला उपसणारी गाडी येते. भाडं अंतरावर असतं, आणि आमच्या वाड्यांच्या पाखाड्यांवर ती चढतच नाही. कुणाच्या टाकीला झाकणच नाही, वर लादी घातलेली. मग कुणीतरी सांगतं की दोन माणसं आणा, आत उतरवा. इथे मी कुणाचंही ऐकून घेत नाही. २०१३ च्या कायद्याने सुरक्षा साधनांशिवाय माणसाला टाकीत उतरवणं गुन्हा आहे. आत मिथेन असतो, हायड्रोजन सल्फाइड असतो. एक बेशुद्ध पडतो, त्याला काढायला दुसरा उतरतो आणि दोघेही जातात. २०१४ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने अशा मृत्यूंसाठी कुटुंबाला १० लाख रुपये द्यायला सांगितलं, २०२३ मध्ये ते ३० लाख केले. ज्या प्रश्नाला घाबरून माणसं मोठी टाकी बांधतात, तोच प्रश्न वीस वर्षांनी दुसऱ्या कुणाच्या तरी जिवावर येतो.

मला कुणी विचारलं तर मी दोनच गोष्टी मागेन. अनुदानाचा अर्धा भाग खड्डे पूर्ण झाल्यावर द्या, दार बसल्यावर नव्हे. आणि फोटो उघड्या खड्ड्याचा घ्या, दोन खड्डे, जाळी आणि चेंबर दिसेल असा. हे मी तालुक्याच्या आढावा बैठकीत बोलले आहे, लेखी दिलं आहे. वरून ठरतं, असं उत्तर मिळालं. ते खरंही असेल. मी पुन्हा देईन.

ज्यांच्याकडे एकच खड्डा आहे त्यांच्यासाठी मात्र वरून काही ठरायची वाट पाहायला नको. अशी घरं गावोगाव आहेत. १२,००० एकदा घेऊन झालेले, खड्डा भरत आलेला, आणि माणसं पुन्हा बाहेर जायला लागलेली. त्यांना दुसरा खड्डा आणि मधलं चेंबर एवढंच हवं असतं, आणि त्याला संडासाच्या खर्चाचा लहानसा वाटाच लागतो. ग्रामपंचायतीला वित्त आयोगाच्या निधीतला ठरावीक हिस्सा स्वच्छतेवरच खर्च करावा लागतो. तो गावच्या विकास आराखड्यात लिहून घ्यायचा असतो, आणि आराखडा ग्रामसभेत ठरतो. आमच्या वाडीतल्या एक खड्डा असलेल्या घरांची यादी मी आणि गटाच्या बायकांनी घरोघर जाऊन केली, प्रत्येक घरापुढे विहिरीचं अंतर आणि पावसात पाणी कुठवर येतं ते लिहिलं, आणि ग्रामसभेत वाचून दाखवली. सरपंचबाईंनी ती आराखड्याला जोडली आहे. निधीचं पत्र आलं की शिमग्यानंतर खणायला घ्यायचं, म्हणजे मृगाआधी चिरे रचून होतील.